भेगेतला हात

तळ्यात पाणी : नाही

तळं वाळलं की नाही हे डोळ्यांनी ठरवत नाहीत, हातानं ठरवतात. भेगेत नुसती बोटं गेली तर अजून आठ दिवस ऊन खाऊ द्यायचं. मनगट गेलं तर चार. कोपरापर्यंत हात आत गेला आणि बोटांच्या टोकांना ओल लागली नाही, की चुना टाकायला मोकळे. सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, ही रीत आपल्या बापाकडून घेतली होती आणि सून घरात आली त्याच वर्षी तिच्या हवाली केली होती. सासूबाई अजून म्हणत, "लोक सुनेच्या हातात किल्ल्या देतात, आमच्या ह्यांनी चिखल दिला."

दर तीन वर्षांनी मासे काढून झाले की बांधाची मोरी उघडायची, तळं रिकामं करायचं आणि उन्हात तापत ठेवायचं. गाळातली घाण मरते, हावऱ्या माशांची अंडी मरतात, माशांच्या नव्या बिजाला तळं निरोगी मिळतं. ज्याला ठाऊक नाही त्याला ते मेलेलं दिसतं. सुनेला ते झाडून ठेवलेल्या अंगणासारखं दिसे.

म्हणून त्या सकाळी मोटारसायकलवरून एक फोटोवाला आला आणि "तळी, विहिरी, कालवे यांचे फोटो काढत फिरतोय, काढू का?" म्हणाला, तेव्हा तिला वाटलं, मासेवाल्यांच्या संघाच्या मासिकाचा असणार. मागे त्यात पलीकडच्या तळ्याचा फोटो आला होता. त्या तळ्याच्या भेगा म्हणजे काय, दाढीच्या ब्लेडनं मारलेल्या चिरा.

"इथं नको, तिकडं चला," ती म्हणाली. "खालच्या अंगाला बघा, काय भेगा पडल्यात!"

फोटोवाला तिच्यामागून गेला. बघून त्यानं शीळ घातली. ती शीळ तिला आवडली.

"यात हात जातो?"

"हात? अहो, कोपर जातं. तात्या, दाखवा की."

तात्यांचं डाव्या बाजूचं खुब्याचं हाड दुखतं. त्यांना खाली बसायलाच दोन माणसं लागतात. तरी ते गुडघ्यावर आले, मग कुशीवर, मग पालथे झाले, आणि उजवा हात भेगेत घालत घालत कोपरापर्यंत नेला. गाल मातीला टेकला. खुब्यातून कळ गेली तसा चेहरा पिळवटला.

"वा! तसेच राहा, आजोबा. वर बघा. माझ्याकडे."

"लवकर उरक रे बाबा, मुंग्या चावतायत!"

सून हसत होती. हसता हसता म्हणाली, "अजून आत घाला तात्या, संघवाले म्हणतील ऐन वेळी हात आखडला."

फोटो झाले. चहा झाला. फोटोवाला मोकळा माणूस होता. लग्नंसुद्धा काढतो म्हणाला. "ज्याची वरात त्याचे फोटो, वहिनी. नवरा काळा की गोरा, आपण बघत नाही." निघताना त्यानं तात्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

तळ्यात पाणी : नाही. हौदात : कमरेइतकं

घरामागच्या सिमेंटच्या हौदात नवं बीज वाढत होतं. आलं तेव्हा जिऱ्याएवढं होतं, म्हणून त्याला जिरेच म्हणतात. आता बोटाएवढं झालं होतं. बोटाएवढं झालं की बोटुकली. बोटुकली झाली की हौद पुरत नाही. पहाटे पाण्यातला दम संपतो आणि सगळी वर येऊन तोंडं उघडी टाकतात. हजारो तोंडं, आवाज मात्र पाऊस दूर असल्यासारखा, बारीक. मग फळकुट घ्यायचं आणि पाणी झोडपायचं. वरची हवा खाली जाईस्तोवर. आधी सून, मग तिचा नवरा, मग सासूबाई. उजाडेपर्यंत खांदे भरून येत.

नवऱ्याला सगळे मुक्या म्हणत. मुका नव्हता, बोलणं त्याला पटत नसे. त्या दुपारी तो चुन्याची पोती घेऊन बाजारातून आला, हातपाय धुतले, जेवायला बसला, अर्धं जेवण झालं आणि म्हणाला, "तात्या चौकात झोपलेत."

"तात्या पडवीत झोपलेत," सासूबाई म्हणाल्या.

"चौकातपण."

सगळे बघायला गेले. चौकात बँकेच्या भिंतीपेक्षा उंच फलक लागला होता. त्यावर तात्या. हात बैलगाडीच्या जुवाएवढा. माती होती त्यापेक्षा काळी केलेली, आभाळ विटकरी. डाव्या अंगाचा हिरवा बांध गायब. बांधापलीकडचा भरलेला हौद गायब. खालच्या कोपऱ्यात सुनेची सावली तेवढी राहिली होती. ती हसताना पडलेली आहे हे सावलीवरून कळत नव्हतं.

वर लिहिलं होतं: घोटभर पाण्यासाठी जमीन उकरणारा बाप! खाली: कालव्याचं पाणी कुणी पळवलं? चेअरमननं! आणि एका बाजूला, गुलाबी गालांचे, निवडणुकीला उभे असलेले वकील.

सायकल दुरुस्तीवाला दुकानातून ओरडला, "काय तात्या, लागलं का पाणी?"

तात्या मान वर करून आपल्याकडेच बघत होते. "हाडं फार दिसतायत नाही गं?"

"तात्या, आपण चेअरमनवर आळ घेतलाय असं लिहिलंय तिथं."

"आपण कुठं? ते लिहिलंय त्यांनी. मी तर मुंग्या चावतायत म्हणालो."

पाणीवाटप संस्थेचा चेअरमन दुसऱ्या बाजूनं त्याच निवडणुकीला उभा होता. कालव्याच्या दारांच्या चाव्या त्याच्या कपाटात असत. आणि मंगळवारी सुनेच्या घरची पाळी होती, तळं भरायची. हे सुनेनं कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना ते ठाऊकच होतं. परतीच्या वाटेवर म्हणून कुणी बोललं नाही, आणि मुक्याला पहिल्यांदाच चारचौघांत बसल्यासारखं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या शेवटाकडची आक्का आली. तिच्याकडे खरोखरच दोन पाळ्या पाणी पोचलं नव्हतं. मिरचीची रोपं उभ्याउभ्या जळली होती. डोक्यावर भोपळा. येताच तात्यांचा उजवा हात धरून रडली.

सून म्हणाली, "आक्का, ऐका तरी. तळं आम्हीच वाळवलंय. दर तीन वर्षांनी..."

"घाबरू नकोस," आक्का डोळे पुसत म्हणाली. "मी कुणाला सांगायची नाही."

भोपळा ठेवून गेली. सासूबाईंनी तो कोपऱ्यात सरकवला. "आता हा चिरायचा कसा? हात लावला तरी चोरी."

तळ्यात पाणी : नाही. चुना : टाकून झाला

चुना टाकताना वारा पाठीवर घ्यायचा असतो. त्या दिवशी वाऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी सुनेच्या नखांच्या कडा उलल्या, नवऱ्याच्या पापण्या सुजल्या. मंगळवारी सकाळी ती तशाच हातांनी कालव्यावर गेली.

पाणी सोडणारा पाटकरी दाराच्या चाकावर बसून बिडी ओढत होता.

"सोडा की. आमची पाळी."

"चाकाला कुलूप आहे."

"मग काढा."

"चावी वर आहे."

"वर म्हणजे देवाकडे?"

"त्याच्याहून वर. चेअरमनकडे." पाटकऱ्यानं बिडी विझवून कानावर ठेवली. "सूनबाई, मी म्हणतो, कशाला त्या म्हाताऱ्याला लोळवलंत? उभा असता तर निदान कुठं उभा आहे ते तरी दिसलं असतं."

हौदात त्या पहाटे पहिल्यांदाच काही बोटुकल्या पांढऱ्या पोटानं वर आल्या होत्या. ती तात्यांना घेऊन थेट संस्थेच्या कचेरीत गेली.

कचेरीत खुर्च्या होत्या, पण बसा कुणी म्हणालं नाही. चेअरमन लठ्ठ आणि दुखावलेला दिसत होता. दुखावलेलं असणं त्याला सोंग म्हणून जमलं नसतं. टेबलावरचा मोबाईल उलटा करून त्यानं त्यांच्याकडे फिरवला. त्यात तात्या.

"कोणता हात?"

तात्यांनी उजवा पुढे केला.

"वर करा जरा. अजून. हं." तात्यांचा हात तसाच वर राहिला, खाली करा असं कुणी म्हणालं नाही. "बारा वर्षं झाली मला या खुर्चीत. तुमच्या तळ्याची एक पाळी चुकली?"

"नाही."

"माझी आई हा फोटो बघून जेवली नाही दोन दिवस. म्हणते, काय रे, म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी काढलंस? आता काय सांगू तिला?"

"खरं ते सांगा," सून म्हणाली. "आम्हाला त्यांनी विचारलंच नाही. आम्हाला वाटलं मासिकात..."

"मी सांगून कोण ऐकतंय? चोर म्हणतोय मी चोर नाही." तो पुढे झुकला. "तुम्ही सांगा. कॅमेऱ्यापुढं. एक शब्द खोटा बोलू नका. जे आहे ते. आणि त्याच दिवशी तुमच्या तळ्यात पाणी."

खरं बोलायला आपलं काय जातं, तिला वाटलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. ती हो म्हणाली. तात्यांचा हात तिनंच खाली केला.

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि चहाचा कप घेऊन फोटोवाला बाहेर आला.

"नमस्कार वहिनी."

तिनं तात्यांचा दंड धरून त्यांना दाराकडे वळवलं.

"आता या वरातीत," तो ओशाळं हसला. "पण बाई, त्या दिवशीचा चहा मी विसरलेलो नाही."

तळ्यात पाणी : घोटाभर, मग पोटरीभर

तिनं धुतलेले कपडे घातले. कालव्याचं पाणी तळ्यात येतं त्या तोंडाशी फोटोवाल्यानं तिला उभं केलं. पाटकऱ्यानं चाक फिरवलं आणि पाणी आलं. आधी पाचोळा, मग फेस, मग लालसर जिभेसारखं पाणी भेगांत शिरलं आणि दिसेनासं झालं. भेगा पाणी पितात तेव्हा आवाज येतो. सून तो आवाज ऐकत बोलली. एका दमात, न अडखळता, आदल्या दिवसभर मनात घोळवलेलं.

*ती जे बोलली ते:*

"तळं आम्हीच वाळवलं. दर तीन वर्षांनी वाळवतो, ती रीतच आहे. तात्यांना झोपा मीच म्हणाले, भेग किती खोल आहे ते दाखवायला. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. आमच्या पाळीचं पाणी आम्हाला मिळतं, आमची तक्रार नाही. पण सगळ्यांना मिळतं असं नाही. शेवटाकडे दोन पाळ्या थेंब पोचलेला नाही. फोटो काढायचा तर तिथं जाऊन काढा. चेअरमननी पाणी चोरलं असं मी म्हटलेलं नाही आणि वकिलांना मी ओळखतही नाही."

*दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर जे आलं ते:*

"तळं आम्हीच वाळवलं. तात्यांना झोपा मीच म्हणाले. रडण्यासारखं काही नव्हतं. पाणी आम्हाला मिळतं. सगळ्यांना मिळतं. आमची तक्रार नाही."

मागे धो धो पाणी. वर मोठ्या अक्षरांत: म्हाताऱ्याचं सोंग, वकिलाचं ढोंग! नाटकी कुटुंब उघडं पडलं!

तिनं ते तीनदा ऐकलं. एकही शब्द उसना नव्हता. आवाज तिचा, ओठ तिचे, मानेवरची शीरसुद्धा तिचीच. नवऱ्यानं चौथ्यांदा लावू दिलं नाही.

"जिभेला हाड नसतं म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. "कातर असते हे आज कळलं."

आणि पाणी? फोटोवाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला, पाटकऱ्याला हात केला. पाटकऱ्यानं चाक उलटं फिरवलं.

"अहो, हे काय? तळ भिजला फक्त!" सून पाण्यातून बांधाकडे धावली.

"मला शूटिंगपुरतं सांगितलंय."

"आमची पाळी मंगळवारची, ती तर..."

"मंगळवार गेला ना. आज शुक्रवार. आज शेवटाकडच्यांची आहे." पाटकरी कुलूप लावत होता. "होती."

पोटरीपर्यंतच्या पाण्यात तिचे पाय होते, आणि ते पाणी कुणाचं हे तिला आता कळलं होतं.

रस्ता

"अरे, नटी आली बघ!"

"वहिनी, पुढचा सिनेमा कधी?"

"तात्या, मेल्याचं सोंग किती दिलं तर करता?"

सायकल दुरुस्तीवाल्यानं मुक्याची पंक्चर झालेली ट्यूब तशीच परत दिली. सामान संपलंय म्हणाला. मागे ट्यूबा लटकत होत्या.

मुक्यानं घरी येऊन फळी घेतली, उरलेला चुना कालवला आणि बोटानं लिहिलं: *तळं आम्ही वाळवलं होतं. आमचा कुणाशी संबंध नाही.* फळी फाटकाला बांधली. बारा शब्दही नव्हते. पण तो एवढं एकदम कधी बोलला नव्हता. संध्याकाळपर्यंत वकिलाच्या लोकांनी त्या फळीचाही फोटो फिरवला: धमकावलेल्या कुटुंबाचा टाहो! कुणाला घाबरतंय हे घर? मुक्यानं फळी उतरवली. मग फळी उतरवल्याचाही फोटो आला. मग तो दोन दिवस अक्षरशः काही बोलला नाही.

आक्का आली ती फाटकाच्या आत आली नाही.

"ती माझी पाळी होती."

सून हात पुसत बाहेर आली. "मला माहीत नव्हतं आक्का. देवाशपथ. आणि मी तुमच्याबद्दल बोलले होते. ते त्यांनी काढून टाकलं."

"मी ऐकलं ना. सगळ्यांना मिळतं म्हणालीस."

"पुढं 'असं नाही' म्हणाले होते!"

आक्काच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"असेल," ती म्हणाली. "पण मी रडले तेव्हा तळं आम्हीच वाळवलंय म्हणालीस ना, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुम्ही खरं बोललात की माझं पाणी जातं, खोटं बोललात की माझे अश्रू जातात. मी आता तुमच्याकडून काय घेऊ, ते तूच सांग."

आक्का निघून गेली.

तळ्यात पाणी : पोटरीभर, एका कोपऱ्यात

हौदात बोटुकल्या रोज मरत होत्या. फळकुटानं झोडपून आता भागत नव्हतं. खांद्यातून हात उचलत नव्हता. सासूबाई दोन्ही हातांनी फळकुट धरून मारत आणि प्रत्येक फटक्याला एकेकाचं नाव घेत: हा चेअरमनला, हा वकिलाला, हा त्या चहा पिऊन गेलेल्याला. तात्या हौदाच्या कठड्याला टेकून मेलेल्या वेचत. वेचता वेचता एकदा म्हणाले, "मी हात आखडायला हवा होता गं." अजून आत घाला असं सूनच म्हणाली होती.

दोन वाटा होत्या. हौदात ठेवलं तर दाटीनं मरणार. तळ्यात सोडलं तर उथळ पाणी, वर ऊन, तापून मरणार. हौदात नक्की, तळ्यात कदाचित. शनिवारी पहाटे त्यांनी 'कदाचित' निवडलं. घमेल्या-घमेल्यानं बोटुकल्या तळ्यात नेल्या. सोडण्याआधी घमेलं पाण्यावर तरंगत ठेवायचं, दोन्ही पाण्यांची ऊब एक होईपर्यंत थांबायचं. घाई असली तरी तिनं ते केलं. रीत ती रीत.

ती वकिलाच्या कचेरीतही जाऊन आली. तिथं तिला सांगितलं, तुम्ही त्यांच्या बाजूनं बोललात ना, मग त्यांच्याकडे जा. चेअरमनच्या कचेरीत सांगितलं, पुढची पाळी निवडणुकीनंतर, आता आचारसंहिता आहे, कुणाला खास पाणी देता येत नाही. हे सांगणाऱ्या माणसाच्या मागे भिंतीवर तिचाच फोटो होता, बोलताना तोंड उघडं. दोन्हीकडे तिला पाणी प्यायला विचारलं. ती दोन्हीकडे नको म्हणाली.

तीन दिवस कडक ऊन पडलं.

तळ्यात पाणी : टाच

मंगळवारी दुपारपर्यंत पाणी मागे सरत सरत खालच्या अंगाला, गाडीवाटेलगतच्या कोपऱ्यात गोळा झालं. पायाला कोमट लागत होतं. मुक्यानं तिथंच चिखलात खड्डा खणला होता, छातीइतका खोल, झिरपून त्यात थोडं गार पाणी जमलं होतं. उरलेल्या तळ्यात जिथं जिथं डबकी राहिली तिथून बोटुकल्या पकडून खड्ड्यात आणायच्या. जाळं चालत नव्हतं, चिखलात रुतत होतं. हातानं पकडायचं. सुनेनं कमरेला ओलं फडकं झोळीसारखं बांधलं होतं. झोळीत पंधरा-वीस झाल्या की चिखल तुडवत खड्ड्याशी, ओतायच्या, परत. गुडघ्याखाली चिखल वाळून कातडी ओढत होता. नवरा दुसऱ्या टोकाला होता. सासूबाई बांधावरून सांगत होत्या, "डाव्या हाताला वळवळतंय! तिथं!"

बांधाच्या पलीकडच्या टोकाला आक्का येऊन बसली होती. कधी आली कळलं नाही.

वाटेवर टँकर येऊन थांबला. बाजूवर कापडी फलक: वकिलांचा शब्द, पाणी दारात! पुढच्या सीटवरून फोटोवाला उतरला.

"वहिनी."

सुनेनं मान वर केली नाही. "वरात बदलली?"

"परवा. चेअरमननी पैसे बुडवले." तो बांधाच्या कडेला उकिडवा बसला. खड्ड्यात डोकावला. मग हळू म्हणाला, "हे आता खोटं नाही ना, वहिनी. मागच्या वेळी आजोबांना लोळावं लागलं. आता काही करावं लागणार नाही. जे आहे ते आहे."

"टँकर कशाला आणलाय?"

"पाणी आहे त्यात. नदीचं. भरलेला. तुमच्या खड्ड्यात ओतायचं. उद्या अजून दोन."

"आणि मी काय बोलायचं?"

"काहीच नाही. मागच्या वेळी तुम्ही बोललात तिथंच घोटाळा झाला. नुसत्या उभ्या राहा. टँकरकडे बघा. बस."

"माझं बोलणं आहे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लावाल? सगळं? आक्काचंसुद्धा?"

फोटोवाल्यानं डोकं खाजवलं. "तीस सेकंदांत बसत नाही हो ते. बसलं असतं तर मी लावलं असतं. शप्पथ."

त्याचं हे खरं असावं असं तिला वाटलं, आणि त्यामुळे जास्तच दमल्यासारखं झालं.

टँकरचा ड्रायव्हर मागच्या झडपेच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. "साहेब, सोडू का? ऊन लागतंय."

"थांब. आधी फोटो. वकिलांनी सांगितलंय, आधी फोटो."

बांधावरून आक्काचा आवाज आला, सपाट, कुणालाच उद्देशून नाही असा. "टँकर माझ्या दारावरून आला. थांबला नाही."

सून चिखलात उभी. टँकरकडे बघावं तर तो फोटो. पाठ फिरवावी तर तोही फोटो; तोंड दाखवायची लाज वाटते असं लिहितील. रडली तर वकिलाची, हसली तर चेअरमनची. हात वर केला तर बोलावतेय, खाली सोडला तर हरलीय. म्हणून ती काहीच करीना. तोंड कोरं ठेवलं. तिला वाटलं, अंगातलं एकेक हाड जागच्या जागी धरून ठेवलं तर कदाचित आपल्यातून कुणाला काही काढता येणार नाही.

कमरेच्या झोळीत वळवळ होत होती. फडकं उन्हात सुकत चाललं होतं. आधी वळवळ जोरात होती, मग तुटक. एक शेपटी तिच्या पोटावर आपटली, थांबली, पुन्हा आपटली. यांना पाण्याबाहेर फार वेळ नसतो. तिनं मनात मोजायला सुरुवात केली आणि मोजणं सोडलं.

"अगं, ओत की!" सासूबाई ओरडल्या. "मरतायत त्या!"

खड्डा तिच्या आणि टँकरच्या मध्ये होता. खोल होता. उभ्यानं ओतलं तर बोटुकल्या काठावरच्या मातीवर आपटल्या असत्या. वाकायलाच हवं होतं. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी झोळी धरून, मान खाली घालून, टँकरच्या पुढ्यात. ते कसं दिसेल हे तिला वाकायच्या आधीच दिसलं, फलकाएवढं मोठं, खालच्या अक्षरांसकट.

ती गुडघ्यांवर आली. वाकली. झोळीचं एक टोक सोडलं आणि चार-पाच बोटुकल्या पाण्यात सरकल्या.

खट्. खट्. खट्.

"हा! हाच!" फोटोवाल्यानं ड्रायव्हरला हात केला. झडप किरकिरली. टँकरच्या तोंडातून पाणी फुटलं, गार, जाड, खड्ड्यात कोसळलं, तिच्या तोंडावर उडालं. पाण्याखाली बोटुकल्या भिरभिरल्या. बांधावर सासूबाई काहीतरी बोलल्या ते त्या आवाजात ऐकू आलं नाही.

फोटोवाला कॅमेऱ्यात डोकावत होता. मग त्यानं पुन्हा हात वर केला आणि झडप बंद झाली. धार बारीक होत होत थेंबांवर आली.

"वहिनी, चेहरा नाही आला हो. केस आले मध्ये. पुन्हा एकदा. मान जराशी वर, बाकी सगळं तसंच."

ड्रायव्हर दांड्यावर हात ठेवून वाट बघत होता. मुक्या चिखलातून धावत येत होता, पण तळ्याच्या त्या टोकाहून, आणि पाय रुतत होते.

झोळीत अजून दहा-बारा होत्या. त्या हलत होत्या.

सुनेनं ओल्या हातानं केस मागे सारले आणि पुन्हा वाकली.